‘थिंक’, ‘बिलीव्ह’, ‘फील’, ‘सपोज’: मत मांडायच्या इंग्रजी क्रियापदांत नक्की फरक काय?

शालिनी_वर्ग
नमस्कार मंडळी. मी ठाण्यात दहावीला इंग्रजी शिकवते. पेपरात ‘व्ह्यू–काउंटरव्ह्यू’ हा लेखनप्रकार असतो. एक मत दिलेलं असतं, मुलांनी त्याची उलट बाजू मांडायची. वह्या तपासताना एक गोष्ट सतत दिसते. पहिलं वाक्य ‘आय थिंक’, मग तेच तेच नको म्हणून दुसरं ‘आय बिलीव्ह’, तिसरं ‘आय फील’, चौथं ‘आय सपोज’. गाइडांमध्ये हे सगळे शब्द समानार्थी म्हणून एकाच चौकटीत छापलेले असतात, त्यामुळे मुलांचा दोष नाही.

परवा एका हुशार मुलीने लिहिलं होतं, ‘आय सपोज दॅट मोबाइल फोन्स आर हार्मफुल टु चिल्ड्रन.’ व्याकरणाला धक्का नाही. पण जो मुद्दा तिला ठासून मांडायचा होता, तोच तिने पहिल्या ओळीत ‘असेल बुवा’ म्हणून सैल सोडला. तिला मी काय समजावू?

नेहमीचं उत्तर म्हणजे खात्रीची उतरंड. वर ‘नो’ (म्हणजे ठाऊक असणं), खाली ‘बिलीव्ह’, मग ‘थिंक’, ‘सपोज’, तळाला ‘गेस’. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं की फरक खात्री किती यात कमी आणि मत कशावर उभं आहे यात जास्त आहे. पुराव्यावर, स्वतःच्या अनुभवावर, विश्वासावर, की नुसत्या सोयीवर? तुमच्या कामाच्या ठिकाणी हे शब्द कसे वापरले जातात, ते वाचायला आवडेल.

भर_दुपारी
छान विषय. मराठीत एका ‘वाटतं’वर आपलं सगळं भागतं, म्हणून इंग्रजीत गोंधळ होतो.

विशाल_वऱ्हाडी
भर_दुपारी, एकावर कुठे भागतं? वाटतं, मानतो, समजतो, धरून चालतो, माझा अंदाज आहे, माझं मत आहे, माझं म्हणणं आहे... आणि यातलं कुठलंही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ‘मला वाटतं’ यात वाटणं आपोआप होतं, मी काही करत नाही. ‘मी मानतो’ म्हटलं की जबाबदारी माझी. ‘देव आहे असं मला वाटतं’ आणि ‘मी देव मानतो’ ही दोन वेगवेगळी माणसं आहेत.

घोटाळा ‘थिंक’मुळे होतो. वाटणं आणि विचार करणं या आपल्या दोन क्रिया त्यांनी एकाच शब्दात कोंबल्यात. म्हणून मुलं ‘आय ॲम थिंकिंग दॅट मोबाइल इज बॅड’ लिहितात. मत सांगायचं असेल तर ‘आय थिंक’. डोक्यात विचार चालू असेल, अजून ठरलं नसेल, तर ‘आय ॲम थिंकिंग’. हा फरक मराठीतून चटकन कळतो, कारण तो आपल्याकडे आधीच आहे.

शालिनी_वर्ग
विशाल, हे उद्याच वर्गात वापरते. ‘वाटतंय’ आणि ‘विचार करतोय’.

ॲड_काठावरचा
शालिनीताई, तुमच्या म्हणण्याला कायद्यातून भरपूर आधार मिळेल. आमचा निम्मा धंदा याच क्रियापदांवर चालतो.

१८७२ च्या पुरावा कायद्यात ‘प्रूव्ह्ड’ची व्याख्या होती, नव्या साक्ष्य अधिनियमातही तीच आहे. वस्तुस्थिती सिद्ध झाली कधी म्हणायची? समोरचं सगळं पाहून न्यायालय ती आहे असं ‘बिलीव्ह’ करतं, किंवा ती असण्याचा संभव इतका मोठा आहे असं ‘कन्सिडर’ करतं, की शहाणा माणूस ती आहे असं धरून वागेल. एकाच वाक्यात दोन क्रियापदं, मध्ये ‘किंवा’. बिलीव्ह म्हणजे मनाला पटलं. कन्सिडर म्हणजे तोलून पाहिलं. दोन्हीपैकी कोणत्याही वाटेने गेलात तरी सिद्धच. तुमची उतरंड इथे लागूच होत नाही, कारण एक वर आणि एक खाली असं काही नाहीच.

आता ‘अझ्यूम’ आणि ‘प्रिझ्यूम’. शब्दकोशात दोन्हीला ‘गृहीत धरणे’. पण अझ्यूम करायला काहीच लागत नाही. भूमितीत ‘समजा त्रिकोण एबीसी’ म्हणता तसं. प्रिझ्यूमला मागे काहीतरी आधार लागतो, आणि उलट सिद्ध होईपर्यंतच ते टिकतं. चेक न वटल्याच्या खटल्यात हे रोज दिसतं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१, कलम १३९. ज्याच्या हातात चेक आहे त्याला तो देणं फेडण्यासाठीच मिळाला, असं न्यायालय ‘शॅल प्रिझ्यूम’. माझ्याकडे पक्षकार येतो आणि म्हणतो, ‘साहेब, मी तो कोरा सही करून नुसता विश्वासाने दिला होता, सिद्ध त्यांनी करावं.’ त्याला सांगावं लागतं की नाही, आता तुम्ही करायचं. उधारीचा हिशेब काढा, बँकेचा उतारा आणा, चेक घेणाऱ्याकडे एवढी रक्कम द्यायची ऐपत होती का ते विचारू. त्या एका क्रियापदाने ओझं इकडून तिकडे गेलेलं असतं. तेच ‘मे प्रिझ्यूम’ असेल तर न्यायालय पुरावा मागूही शकतं.

आणि उभं राहून बोलताना वकील ‘आय थिंक’ म्हणत नाही, ‘आय सबमिट’ म्हणतो. माझं वैयक्तिक मत तिथे कोणी विचारलेलं नाही. मी पक्षकाराची बाजू पुढे ठेवतो, मत न्यायाधीशांचं. ते ‘वी होल्ड’ म्हणतात तेव्हा मत राहत नाही, निर्णय होतो.

करसल्लागार_पुणे
वकीलसाहेबांनी दार उघडलंच आहे, तर आमच्या खात्यातली गोष्ट सांगतोच. ही मला खरोखर महत्त्वाची वाटते.

आयकर कायदा १९६१, कलम १४७. जुनं प्रकरण पुन्हा उघडायचं तर अधिकाऱ्याकडे ‘रीझन टू बिलीव्ह’ लागायचं, उत्पन्न करातून सुटलं आहे असं मानायला कारण. १९८७ च्या दुरुस्तीने हे शब्द काढले आणि त्या जागी अधिकारी कारणं लिहून ‘इज ऑफ द ओपिनियन’ असं घातलं. करदात्यांच्या बाजूने विरोध झाला. मत काय, कुणाचंही काहीही असू शकतं. नुसत्या मताच्या जोरावर कुणाचीही फाइल उघडणार का? शेवटी १९८९ मध्ये ‘रीझन टू बिलीव्ह’ परत आणलं. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केल्व्हिनेटर कंपनीच्या प्रकरणात हाच इतिहास सांगून स्पष्ट केलं की ‘चेंज ऑफ ओपिनियन’ हे प्रकरण उघडायचं कारण होऊ शकत नाही. हातात ठोस काहीतरी हवं. ‘बिलीव्ह’ला पुरावा मागितला, ‘ओपिनियन’ला नाही.

२०२१ पासून शब्द पुन्हा बदलले. आता अधिकाऱ्याकडे अशी माहिती हवी जी उत्पन्न सुटल्याचं ‘सजेस्ट’ करते. क्रियापदाचा कर्ताच बदलला बघा. आधी अधिकारी मानत होता, आता माहिती सुचवते. ज्यांना नोटीस येते त्यांना या फरकाची किंमत कळते.

ॲड_काठावरचा
अगदी बरोबर. आणि फौजदारीत पोलिसांना तपास सुरू करायला ‘रीझन टू सस्पेक्ट’ पुरतं. सस्पेक्टला धागा चालतो, बिलीव्हला दोर लागतो.

चाळकरी
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना यातलं काहीच लागत नाही. पाण्याची टाकी रिकामी दिसली की तिसऱ्या मजल्याचा नळ चालू आहे हे ‘कन्क्लुझिव्ह प्रूफ’. :)

न्यू_जर्सी_नीता
वकिली फार झाली, थोडं घरगुती बोलू. इकडे ऑफिसात ‘आय फील’ फार ऐकू येतं. ‘आय फील लाइक वी शुड पोस्टपोन धिस’ म्हणजे भावना वगैरे काही नसते, सरळ मत असतं. पण ‘फील’ म्हटलं की समोरचा तुमच्याशी वाद घालू शकत नाही. तुला तसं वाटतं ना, मग वाटो. म्हणून नवीन आलेल्या मुलांना मी सांगते, आकडे हातात असतील तर ‘फील’ म्हणू नका. आकड्याला कशाला हळवं करायचं?

‘सपोज’बद्दल शालिनीताईंचं निरीक्षण बरोबर आहे. ‘आय सपोज सो’ म्हणजे नाइलाजाने हो. मुलाला विचारलं, खोली आवरणार का, तर ‘आय सपोज सो’ येतं. ते ‘आय थिंक सो’ नाही आणि ‘आय बिलीव्ह सो’ तर नाहीच. दोन अक्षरी ‘सो’ लावून तिघांचा स्वभाव बाहेर पडतो.

‘आय गेस’ला ब्रिटिश लोक अमेरिकन म्हणून नाकं मुरडतात, पण चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने एका तरुणाचं वय वीस असेल असं सांगताना ‘आय गेस्से’च लिहिलं आहे. शब्द इंग्लंडमधूनच आला, तिकडे मागे पडला, इकडे टिकला.

मेलबर्नचा_मंदार
इथे सगळं ‘रेकन’. प्लंबर, प्राध्यापक, क्रिकेटचा समालोचक, सगळे ‘आय रेकन’. मुळात मोजणं, हिशेब करणं. जर्मनमधला ‘रेख्नेन’ त्याच कुळातला. म्हणून ‘माझ्या हिशेबाने पाचपर्यंत पोचू’ या मराठी वाक्याला ‘आय रेकन’ इतकं नेमकं बसतं की ‘आय थिंक’ त्याच्यापुढे फिकं वाटतं. मात्र भारतातल्या ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय रेकन’ लिहू नका, नको तितकं ऐटबाज दिसतं.

क्ष_किरण
मी रेडिओलॉजिस्ट आहे. आमच्या रिपोर्टमध्ये ‘आय’ नसतोच, तरी मत असतंच. ‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘कन्सिस्टंट विथ’, ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’. पेशंटचे नातेवाईक या तिन्हीला ‘झालंय’ असं वाचतात. ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे चित्र त्या आजाराशी जुळतं, दुसऱ्या कशाशीही जुळत असू शकतं. ‘सजेस्टिव्ह’ म्हणजे चित्र त्या दिशेला बोट दाखवतंय. ‘रूल आउट’ होत नाही म्हणजे फक्त दार बंद करता येत नाही.

पण मला खरं लिहायचंय ते ‘डाउट’बद्दल. आपल्याकडचे डॉक्टर सर्रास म्हणतात, ‘आय डाउट टीबी’, म्हणजे टीबीची शंका आहे. बाहेरच्या माणसाला याचा अर्थ टीबी नसावा असा लागतो. नेमका उलटा! हे नुसतं शैलीचं प्रकरण नाही. फोनवर ‘डाउट फ्रॅक्चर’ म्हटलं आणि पलीकडच्याने फ्रॅक्चर नाही असं समजून पेशंटला उभं केलं तर? आपला शंका शब्द दोन्हीकडे चालतो: ‘तो आजारी असल्याची शंका आहे’ आणि ‘तो येईल याची शंकाच आहे’. इंग्रजीत पहिल्याला ‘सस्पेक्ट’, दुसऱ्याला ‘डाउट’. शालिनीताई, वर्गात एकच जोडी शिकवायची असेल तर ही शिकवा.

जुनी_पुस्तकं
डॉक्टर, गंमत म्हणजे आपला वापर जुन्या इंग्रजीप्रमाणे चूक नाही. बापाचं भूत दिसल्याचं ऐकून हॅम्लेट म्हणतो, ‘आय डाउट सम फाउल प्ले.’ म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे अशी शंका येते. स्कॉटलंडमध्ये आजही ‘आय डाउट इट्ल रेन’ म्हणजे पाऊस येणार असं वाटतंय.

क्ष_किरण
मान्य, पण पेशंट हॅम्लेट नसतो. रिपोर्टमध्ये ‘सस्पेक्ट’च.

अनुवादिका
‘फाइंड’ कोणी घेतला नाही अजून, तो माझा आवडता. ‘आय फाइंड धिस पुरणपोळी टू स्वीट’ म्हणायला ती खाल्लेली असावी लागते. ‘आय थिंक इट इज टू स्वीट’ मी लांबून, गुळाचं प्रमाण बघूनही म्हणू शकते. आणि जे अनुभवाने ठरत नाही तिथे या अर्थाने ‘फाइंड’ चालत नाही. ‘आय फाइंड द मीटिंग बोअरिंग’ चालतं, ‘आय फाइंड द मीटिंग ॲट फाइव्ह’ चालत नाही. परीक्षण लिहिणाऱ्यांनी हा शब्द जपून वापरावा, कारण तो वापरला की वाचक धरून चालतो की तुम्ही नाटक पाहिलं आहे.

‘कन्सिडर’चा एक नेहमीचा घोळही सांगते. ‘कन्सिडर हिम ॲज अ फ्रेंड’ आपण म्हणतो, खरं तर ‘ॲज’ नको. ‘रिगार्ड’ला ‘ॲज’ हवा. ‘समजणे’ आणि ‘म्हणून पाहणे’ असं लक्षात ठेवलं तर सोपं जातं.

विशाल_वऱ्हाडी
आणि ‘ओपाइन’? आपल्या इंग्रजी पेपरांत तज्ज्ञ सतत ‘ओपाइन’ करत असतात.

अनुवादिका
बाहेर तो शब्द थोडा फुगलेला वाटतो, कुणीतरी मान वर करून मत देतंय असा. भारतीय पेपरांत तो साधा झालाय. कोर्टाच्या भाषेतून आला असावा.

आकडेमोड_आजोबा
शालिनीबाई, तुमच्या सिद्धांताला थोडा विरोध करतो. उतरंड अगदीच टाकाऊ नाही. ऐकणारा शब्दातून आकडा काढतोच. १९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर अंदाजात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे असं लिहिलं होतं. सीआयएच्या शर्मन केंटने नंतर आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, हे लिहिताना डोक्यात किती टक्के होते? उत्तरं वीसपासून ऐंशीपर्यंत आली. सगळ्यांनी एकाच मसुद्याला संमती दिली होती! पुढे १९६४ मध्ये त्याने यावर लेख लिहिला, शब्दांना आकडे बांधून द्या म्हणून. आज हवामानबदलाच्या आयपीसीसी अहवालात ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०, असं ठरवून दिलेलं आहे. म्हणजे किती खात्री, हा प्रश्न रास्तच आहे.

शालिनी_वर्ग
आजोबा, उदाहरण जबरदस्त आहे. पण ते माझ्याच बाजूने नाही का बोलत? शब्दांत स्वतःची अशी ठरलेली उतरंड असती तर वीस ते ऐंशी अशी उत्तरं आली नसती. ती बाहेरून बांधून द्यावी लागली.

आकडेमोड_आजोबा
अर्धं मान्य. बांधून देता आली, हेही लक्षात घ्या. ‘लाइकली’ला नव्वद आणि ‘व्हेरी लाइकली’ला साठ असं कोणी बांधलं नाही. क्रम लोकांच्या कानात होता, आकडे नव्हते.

शालिनी_वर्ग
हो, क्रम कानात असतो हे मानावं लागेल. पण ‘लाइकली’ आणि ‘व्हेरी लाइकली’ एकाच रस्त्यावरचे दोन दगड आहेत. ‘फाइंड’ आणि ‘प्रिझ्यूम’ एका रस्त्यावर नाहीतच.

मेलबर्नचा_मंदार
नकार देऊन बघा, गट आपोआप पडतात. ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ म्हणजे तो येणार नाही असं वाटतं. मराठीतही ‘मला नाही वाटत तो येईल’. नकार आधी लावला तरी पडतो शेवटी. बिलीव्ह, सपोज, एक्स्पेक्ट यांचं तसंच. पण ‘आय डोन्ट अझ्यूम ही विल कम’ म्हणजे तो येईल असं धरून चालत नाही, एवढंच. येईलही. आणि ‘होप’ला तर ‘आय होप नॉट’च लागतं. मुलांना चार वाक्यं नकारार्थी करायला द्या, व्याख्या पाठ करण्यापेक्षा बरं.

भर_दुपारी
एक बाळबोध प्रश्न. ‘डीम’ यात कुठे बसतो? डीम्ड युनिव्हर्सिटीतला.

ॲड_काठावरचा
बाळबोध नाही, सगळ्यात अवघड आहे. थिंक, बिलीव्ह, प्रिझ्यूम, सगळ्यांत खरं काय याचा शोध असतो. डीममध्ये शोधच नाही. खरं नाही हे माहीत असूनही तसं मानायचं, कारण कायदा सांगतो. युजीसी कायदा १९५६, कलम ३. संस्था विद्यापीठ नाही, तरी विद्यापीठ मानायची. बंगळुरूची आयआयएससी १९५८ मध्ये, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९६४ मध्ये अशीच झाली. मराठीत आपण त्याला ‘अभिमत’ म्हणतो. तोच ‘डीम्ड’ इमारतीच्या कागदात ‘मानीव’ होतो, मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जागा सोसायटीच्या नावावर होणं. मला ‘मानीव’ हा शब्द फार नेमका वाटतो. अभिमतमध्ये कुणाचंतरी मत आहे असा भास होतो, मानीवमध्ये नाही.

आणि आपल्या कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात या एका क्रियापदाने लाखो लोकांचं आयुष्य बदललं. १९४८ चा कुळकायदा, कलम ३२. १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असं ‘डीम’ केलं. पैसे दिले नव्हते, खरेदीखत झालं नव्हतं, तरी खरेदी झाली. किंमत नंतर ३२-ग खाली ठरली, दाखला ३२-म खाली मिळाला. आजही जुनं कपाट उघडलं की घडीवर घडी घातलेला तो ३२-मचा पिवळा कागद लोक माझ्यापुढे ठेवतात आणि विचारतात, हा चालतो ना?

विशाल_वऱ्हाडी
आमच्याकडे विदर्भात कायदा वेगळा, पण आजोबांच्या तोंडून ‘कुळाची झाली’ हेच ऐकलंय. डीममुळे झाली हे आज कळलं.

शालिनी_वर्ग
मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. त्या मुलीला मी आता असं सांगणार आहे: ‘मोबाइल हार्मफुल आहेत’ याला तुझ्याकडे काय आहे ते आधी लिही. झोप उडाल्याचा स्वतःचा अनुभव असेल तर ‘आय फाइंड’. डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तर त्यांचं नाव घे आणि ‘आय बिलीव्ह’ म्हण. युक्तिवाद करून तिथे पोचली असशील तर ‘आय थिंक’, आणि पुढे लगेच ‘बिकॉज’. ‘सपोज’ समोरच्याची बाजू मान्य करताना ठेव: ‘आय सपोज फोन्स आर यूजफुल इन ॲन इमर्जन्सी, बट...’ तिथे तो शब्द शोभतो, कारण तेवढं आपण नाइलाजाने कबूल करतोय. काउंटरव्ह्यूत ती एक ओळ लागतेच. आणि क्ष_किरण, सस्पेक्ट–डाउट फळ्यावर जाणार.

न्यू_जर्सी_नीता
ते ‘बिकॉज’ फार महत्त्वाचं. ‘आय फील... बिकॉज’ लिहून बघायला सांगा, मुलींना आपोआप ‘थिंक’ लिहावंसं वाटेल.

चाळकरी
वकीलसाहेब, विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या बिल्डरने अजून जागा सोसायटीच्या नावावर केलेली नाही. मानीव अभिहस्तांतरणाला त्याची सही लागते का?

ॲड_काठावरचा
नाही, ते त्यासाठीच आहे. सदनिका मालकी कायदा १९६३, २००८ ची दुरुस्ती. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. ते बिल्डरला नोटीस काढतात, त्याचं म्हणणं ऐकतात, आणि तो आला नाही किंवा उगाच अडवत असला तरी दाखला देऊ शकतात. सर्वसाधारण सभेचा ठराव, सभासदांचे नोंदणी केलेले करारनामे, मंजूर नकाशा आणि जमिनीचा प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आधी गोळा करा. भोगवटा प्रमाणपत्र आहे का?

चाळकरी
‘आय सपोज सो.’ उद्या कपाट बघून सांगतो.